खाली ट्रक, वर आपण: रात्रभराच्या कार फेरीबद्दल

रात्रीच्या कार फेरीने, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीने, जातोय म्हटलं की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, म्हणजे क्रूझ का? आणि फोटो बघून तसं वाटणं साहजिकच आहे कारण कंपन्या फोटो टाकतात ते सूर्यास्ताचे, डेकवर वाइनचा ग्लास हातात घेतलेल्या जोडप्याचे, पांढऱ्याशुभ्र केबिनचे. कार डेकचा फोटो कुणीच टाकत नाही. मला विचाराल तर पहिला फोटो कार डेकचाच टाकायला हवा, कारण ते जहाज मुळात त्याच्यासाठी बांधलेलं असतं. खाली ट्रक आणि ट्रेलर आणि त्यांच्यावर आपण झोपायचं, एवढं एकदा डोक्यात पक्कं बसलं ना की मग रात्रभर होणाऱ्या सगळ्या विचित्र गोष्टींचा अर्थ लागायला लागतो. चार वाजता खडखडाट का होतो, जेवणाची घाई का असते, शेवटी आत गेलेली गाडी पहिली बाहेर का येत नाही, सगळ्याचं उत्तर खालच्या डेकवर.

इंग्लंडमधलं हार्विच ते नेदरलँड्समधलं हुक ऑफ हॉलंड या रूटवर चालणारी स्टेना हॉलंडिका घ्या. २०१० ची बोट, लांबी २४० मीटर. अशा जहाजाची क्षमता सांगताना आधी किती माणसं हे सांगत नाहीत, गाड्या उभ्या करायच्या लेन एकापुढे एक लावल्या तर किती मीटर होतील ते सांगतात, आणि हिच्या बाबतीत तो आकडा साडेपाच हजार मीटरच्या आसपास जातो. म्हणजे साडेपाच किलोमीटर लांबीची रांग, मजल्यावर मजले करून बोटीच्या पोटात. माणसं बाराशेच्या आसपास. तिकिटावर आपलं नाव असलं तरी धंदा कुणाचा आहे हे कळायला एवढं पुरे.

तर सुरुवात होते ती पार्किंग लॉटमध्ये. चेकइन करायचं, आरशाला अडकवायला एक कार्ड मिळतं, लेनचा नंबर मिळतो आणि मग थांबायचं. दीड तास, कधी दोन. हा वेळ कुणी धरतच नाही प्लॅनमध्ये. आपल्या शेजारची लेन सरसर आत जाते आणि आपण तिथेच, मग नवरा अस्वस्थ होऊन म्हणतो अगं आपण आधी आलो होतो ना. आधी येण्याचा काही संबंध नसतो. कुठली गाडी कधी आत घ्यायची हे लोडिंगचा अधिकारी ठरवतो, त्याला उंच गाड्या कुठल्या डेकवर, जड ट्रक मध्यावर, दोन्ही बाजूंना वजन सारखं, मधल्या बंदरात उतरणारे वेगळे, एवढं सगळं डोक्यात ठेवायचं असतं. टपावर सायकली लावल्या असतील आणि बुकिंगमध्ये उंची लिहिताना त्या धरल्या नसतील तर तिथे हुज्जत होते, दर वेळी कुणाची तरी होतेच, लांबून बघायला मजा येते.

मग रॅम्प. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा भाग खरंच भारी वाटतो. टायरखाली लोखंडी पट्ट्यांचा धडधड आवाज, आत पिवळा उजेड, डिझेलचा वास, आणि रिफ्लेक्टर जॅकेट घातलेला एक माणूस हाताने असं काही खुणावतो की तुमची गाडी पुढच्या गाडीला चिकटल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. या या या, अजून या, बस. आरसे मिटा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. कॅम्पर व्हॅन असेल तर गॅस सिलिंडर बंद. आणि गाडीचा अलार्म बंद करा, प्लीज करा, कारण बोट डोलायला लागली की आतले मोशन सेन्सर समजतात कुणीतरी गाडी हलवतंय आणि मग रात्रभर कुणाची तरी गाडी बोंबलत बसते, बंद करायला कुणी खाली जाऊ शकत नाही, सकाळी बॅटरी झोपलेली. ट्रकना साखळ्यांनी जमिनीला जखडतात, बाइकवाल्यांना पट्टे देतात आणि बऱ्याच बोटींवर स्वतःची बाइक स्वतःच बांधावी लागते, म्हणून मुरलेले बायकर सीटवर टाकायला जुना टॉवेल घेऊन येतात, पट्ट्याने सीट फाटू नये म्हणून.

गाडीतून उतरल्यावर डेकचा नंबर आणि जिन्याचा रंग किंवा अक्षर, दोन्हीचा फोटो काढायचा. नुसता डेकचा नंबर पुरत नाही हं. एकाच डेकवर चुकीच्या जिन्याने उतरलं की मध्ये ट्रकची भिंत असते आणि पलीकडची आपली गाडी दिसत असून तिथे पोचता येत नाही. आणि रात्रीची बॅग वेगळी भरून हातात हवी. टूथब्रश, गोळ्या, चार्जर, स्वेटर, लहान मूल असेल तर त्याचं ते ठरलेलं खेळणं. बोट सुटली की कार डेकला कुलूप, सकाळपर्यंत.

या कुलपावर लोक जाम चिडतात. रिसेप्शनवर येऊन भांडताना पाहिलेत मी, दोन मिनिटांचं काम आहे, औषध राहिलंय. औषधासाठी कधीकधी एखादा कर्मचारी बरोबर येतो, एरवी नाहीच. पण त्यामागे जे आहे ते माहीत असलं की भांडावंसं वाटत नाही. कार डेक म्हणजे जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा हॉल, मध्ये भिंती नाहीत, असल्या तर ट्रक आरपार जाणार कसे. साध्या जहाजाच्या पोटात कप्पे असतात, एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तरंगवतात. इथे पाणी शिरलं तर ते एका बाजूला धावतं, जहाज त्या बाजूला कलतं, कललं की अजून पाणी तिकडे धावतं. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि बंदराबाहेर पडल्यावर काही मिनिटांत आडवी झाली, १९३ माणसं गेली. दरवाजे बंद झाले की नाही हे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभ्या कॅप्टनला कळायची सोयच तेव्हा तिच्यावर नव्हती, ते दाखवणारे दिवे आणि कॅमेरे नंतर सक्तीचे झाले. मग २८ सप्टेंबर १९९४, टॅलिनहून स्टॉकहोमला जाणारी एस्टोनिया, वादळात पुढचा वर उचलला जाणारा अख्खा जबडा तुटून पडला, ८५२ माणसं. रात्रीची बोट होती ती, बहुतेक जण झोपेत. त्यानंतर १९९६ मध्ये उत्तर युरोपातल्या देशांनी करार केला की कार डेकवर पाणी आलं तरी जहाज तरलं पाहिजे असं बांधा. नव्या बऱ्याच बोटींना तो उचलायचा जबडा नाहीच, दोन बाजूंना उघडणारी दारं असतात.

आणि आग. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ग्रीसहून इटलीला निघालेल्या नॉर्मन अटलांटिकवर आग लागली ती कार डेकवरच. २०२२ मध्ये त्याच भागात युरोफेरी ऑलिंपियावर लागली तेव्हा काही ड्रायव्हर ट्रकच्या केबिनमध्येच झोपले होते असं पुढे आलं, वरच्या केबिन गर्दीच्या म्हणून. तेव्हा तुम्हाला कुणी खाली जाऊ देत नसेल तर त्याचे आभार माना. केबिनच्या दाराच्या मागे एक नकाशा असतो, मस्टर स्टेशनचा, म्हणजे संकटात जमायच्या जागेचा, आपला रस्ता त्यावर दाखवलेला असतो, सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला तर तिथे जायचं. मी एकदा केबिनपासून तिथपर्यंत चालून येते. मुलांना तो खेळ वाटतो, वाटू दे.

आता झोप. या सगळ्या प्रवासाचा मुद्दाच झोप आहे, दिवसाचं ड्रायव्हिंग वाचवायचं आणि सकाळी ताजंतवानं उतरायचं, असा हिशोब. तो जमतो का हे नव्वद टक्के तुमची केबिन कुठे आहे त्यावर ठरतं आणि बुकिंग करताना लोक बघतात काय, तर खिडकी आहे की नाही. अहो रात्री खिडकीतून दिसतं काय, काळोख. (उन्हाळ्यात उत्तरेकडे असाल तर काळोखही नाही, तीन वाजता ऊन डोळ्यावर.) बिनखिडकीची आतली केबिन झोपेला उत्तम, लाइट घालवला की स्वतःचा हात दिसत नाही. काहींना मात्र तिथे कोंडल्यासारखं होतं, सकाळ झाली की रात्र आहे तेच कळत नाही, त्यांनी जरूर खिडकी घ्यावी.

खरं बघायचं ते केबिन जहाजाच्या लांबीत कुठे आहे आणि कुठल्या मजल्यावर. अगदी पुढे केबिन मिळाली तर लाट आली की तुम्ही वर उचलले जाता आणि खाली आपटता, शिवाय पहाटे बंदरात शिरताना बो थ्रस्टर चालू होतात, म्हणजे नाकाशी असलेले आडवे पंखे, ते तुमच्या उशीखालीच सुरू झाल्यासारखे वाटतात. अगदी मागे मिळाली तर मुख्य पंख्यांची थरथर, ग्लासात ठेवलेला टूथब्रश रात्रभर किणकिणतो. सगळ्यात वर मिळाली तर डुलणं जास्त. मध्यभागी आणि जरा खालच्या मजल्यावर, ही खरी जागा. पण फार खाली नको, कारण काही बोटींवर सगळ्यात स्वस्त केबिन कार डेकच्याही खाली असतात, पाण्याच्या पातळीखाली, आणि तिथे साखळ्यांचा खणखणाट थेट ऐकू येतो. रेफ्रिजरेटर ट्रेलर असतात ना, मासे, फुलं, भाजीपाला नेणारे, ते जहाजाच्या विजेवर प्लग केलेले असतात आणि त्यांचे कॉम्प्रेसर रात्रभर घरघरत राहतात. मला ती घरघर आवडते हे सांगायला हरकत नाही, नवऱ्याला नाही आवडत, तो इअरप्लग लावतो.

केबिन म्हणजे काय, दोन किंवा चार बंक, वरचे भिंतीत दुमडणारे, एक टेबल, आणि बाथरूम इतकी छोटी की शॉवर घेताना कमोडही आंघोळ करतो. फ्लश केला की विमानासारखा ‘फुस्स’ आवाज, शेजारच्यालाही कळतं. चौघांच्या केबिनमध्ये चार बॅगा घेऊन गेलात तर उभं कुठे राहायचं हा प्रश्न, म्हणून बॅगा गाडीत. वरच्या बंकवर मुलं भांडतात, पहिल्या रात्री तरी.

आणि केबिन घेतलीच नाही तर? हार्विचच्या रात्रीच्या बोटीसारख्या काही ठिकाणी ती सक्तीची असते, पण बाकी पुष्कळ ठिकाणी रिक्लायनर सीट मिळते. या सीट मागे रेलतात पण इतक्याच की झोप लागणार लागणार म्हणता सकाळ होते. दोन तासांनी खोलीत बघा, निम्म्या सीट रिकाम्या आणि माणसं सीटच्या मधल्या जमिनीवर आडवी. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन ते लर्विक बोटीवर, शेटलंडला जाते ती, बारा तासांहून जास्त लागतात, तिथे जरा बरं म्हणून स्लीपिंग पॉड केलेत. पिरेअसहून क्रीटला जाणाऱ्या ग्रीक बोटींवर तर उन्हाळ्यात उघड्या डेकवर स्लीपिंग बॅग टाकून पसरायची जुनी रीत, बॅकपॅकवाल्यांची अख्खी पिढी तशीच गेली असेल. आडोसा बघून जागा धरायची, चिमणीच्या वाऱ्याच्या दिशेला नाही, नाहीतर सकाळी काजळी.

अलास्कात याच्याही पुढे. अलास्का मरीन हायवेच्या बोटी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून निघतात आणि काही रात्री चालतात, तिथे लोक डेकवर चक्क तंबू ठोकतात, आणि लोखंडात खुंटी कशी मारणार म्हणून डक्ट टेपने चिकटवतात. मागच्या बाजूला छत असलेला भाग आहे, वर हीटर लावलेले, तिथल्या आरामखुर्च्यांवर झोपायला चढाओढ. इटलीच्या अंकोनाहून ग्रीसला जाणाऱ्या काही बोटींवर उन्हाळ्याच्या सीझनमध्ये आपल्याच कॅम्पर व्हॅनमध्ये झोपायची मुभा मिळते, बाजूने उघड्या असलेल्या डेकवर, वीज जोडून, कारण उघड्या डेकवर धूर साचत नाही. जपानमध्ये अजून वेगळंच, लांबच्या फेरींवर सगळ्यांची एकच मोठी खोली, जमिनीवर गादी आणि उशी, प्रत्येकाच्या वाट्याला एक पट्टी, आणि वरच्या मजल्यावर गरम पाण्याचं मोठं सामायिक स्नानगृह, समुद्र दिसेल अशा खिडकीसकट. बोट डोलली की पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला डोलतं. कमोडलाही आंघोळ घालणाऱ्या आपल्या बाथरूमपेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

आता बोट लागण्याबद्दल, कारण शेवटी सगळे त्यावरच येतात. माझं मत असं की लोक याला उगीच घाबरतात आणि उगीच दुर्लक्षही करतात. बाल्टिक समुद्रात, स्टॉकहोम-हेलसिंकी रूटवर, पहिले कित्येक तास बोट हजारो बेटांच्या मधून जाते, जेवणाच्या टेबलावरून खडकावरची घरं दिसतात, ग्लासातलं पाणी हलत नाही. आणि बिस्केचा उपसागर म्हणाल तर तिथे अटलांटिकची लाट हजारो किलोमीटर मोकळी येऊन थडकते, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथहून स्पेनमधल्या सांतांदेरला जाताना तो पार करावा लागतो. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया बेट यांच्या मधली बास सामुद्रधुनी उथळ आहे, तिथे लाटा आखूड आणि उंच होतात. म्हणजे तुम्हाला बोट लागते का, यापेक्षा कुठल्या पाण्यात आणि कुठल्या महिन्यात हे विचारलं पाहिजे.

मोठ्या फेरींना दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशासारखे पर असतात, स्टॅबिलायझर. ते डावं-उजवं डोलणं बरंच कमी करतात, पण पुढे-मागे होणारं हिंदकळणं त्यांच्या हातात नाही, आणि जहाज संथ चालत असेल तर त्यांचाही जोर कमी. एका नोव्हेंबरात बिस्केमध्ये आम्हाला ते हिंदकळणं मिळालं. संध्याकाळी जेवून उठलो तेव्हा कॉरिडॉरच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचलेल्या दिसल्या, कर्मचारी काही बोलत नव्हते, शांतपणे खोचत पुढे जात होते, तेव्हाच काय ते समजलं. दुकानातल्या बाटल्यांच्या रॅकवर जाळ्या ओढल्या. रात्री केबिनमधले हँगर कपाटात आपोआप वाजायला लागले, एका बाजूला सगळे, मग दुसऱ्या बाजूला सगळे. नवऱ्याने गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली, त्याचा काही उपयोग होत नाही, गोळी आधी घ्यायची असते, निघण्यापूर्वी, कारण एकदा पोट बंद पडलं की आत गेलेलं तिथेच राहतं किंवा परत येतं. कान सांगतो हलतोय, डोळे सांगतात भिंत स्थिर आहे, मेंदूला दोघांचं जुळवता येत नाही, हे सगळं भांडण. म्हणून एकतर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघायचं नाहीतर डोळे मिटून आडवं व्हायचं, मधलं काही करायचं नाही. मोबाइल तर नाहीच.

सकाळी मात्र त्याच समुद्रात लोक दुर्बिणी घेऊन वर उभे होते. बिस्केमध्ये समुद्राचा तळ एकदम दोनशे मीटरवरून चार हजार मीटरच्या खाली कोसळतो आणि त्या कड्याच्या आसपास देवमासे सापडतात, ऑर्का नावाच्या संस्थेचे लोक कितीतरी वर्षं या फेरींवरून मोजदाद करतात आणि प्रवाशांनाही दाखवतात. आम्हाला लांबवर एक फवारा दिसला. तो फवाराच होता, लाटेचा फेस नव्हता, यावर नवरा अजून ठाम आहे.

बाल्टिकच्या बोटी हा वेगळाच प्रकार, तिथे क्रूझवाली कल्पना थोडीफार खरी ठरते. १९९० च्या सिलिया सेरेनेडच्या पोटात आरपार जाणारा रस्ता आहे, १४२ मीटर लांब, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि काही केबिनच्या खिडक्या समुद्राकडे नाही तर या रस्त्यावर उघडतात. कराओके, डान्स बँड, मुलांसाठी बॉलचा हौद. पुष्कळ लोक पलीकडे उतरतच नाहीत किंवा उतरून काही तासांत परत त्याच बोटीवर येतात. हे सगळं चालतं त्याचं एक कारण मजेशीर आहे. युरोपियन युनियनच्या देशांमधल्या प्रवासावरची ड्यूटी फ्री विक्री १ जुलै १९९९ ला बंद झाली. पण ओलँड बेटं फिनलंडची असूनही युनियनच्या व्हॅट क्षेत्राबाहेर आहेत, म्हणून तिथे थांबणाऱ्या बोटीवर करमुक्त विक्री चालते. मग काय, बोट मध्यरात्री किंवा पहाटे मारियाहाम किंवा लाँगनेसला लागते, काही मिनिटं थांबते, हातावर मोजण्याइतके लोक चढतात-उतरतात, आणि निघते. पहिल्या वेळी त्या धक्क्याने जाग आली की वाटतं पोचलो की काय. झोपा.

हिवाळ्यात हीच बोट बर्फातून जाते. तो आवाज आधी कुणी सांगितला नसेल तर घाबरायला होतं, लोखंडावर काहीतरी खरवडत, आपटत, मागे मागे सरकत जातंय असा, तासन् तास. खालच्या मजल्यावर जास्तच. जहाजं त्यासाठीच बांधलेली असतात, कर्मचारी ढुंकून बघत नाहीत. मला त्या आवाजात लागते तशी झोप कुठे लागत नाही, पण मी काही प्रातिनिधिक नमुना नाही.

ट्रक ड्रायव्हरांचं बघून मी एक शिकले. त्यांचा लाउंज वेगळा, जेवायची जागा बऱ्याचदा वेगळी, आणि ते चढले की काय करतात? जेवतात, आंघोळ करतात, झोपतात. बोट सुटायच्या आधीच. ट्रकवाल्यांच्या विश्रांतीच्या तासांचे कायदे कडक असतात आणि फेरीवरची रात्र त्यात कशी मोजायची याचेही नियम आहेत, तेव्हा ती झोप त्यांची नोकरीच असते. आणि आपण? आपण डेकवर जाऊन बंदर मागे जाताना बघतो, मग दुकान, मग बार, मग गाणी, मग अकरा वाजता केबिनमध्ये येतो आणि सहाला घोषणा. तीसुद्धा कुठल्या घड्याळाने ते बघा. ब्रिटनहून समोरच्या किनाऱ्यावर जाताना, स्वीडनहून फिनलंडला जाताना एक तास पुढे जातो, म्हणजे झोपेतला एक तास सरळ गायब. मोबाइल तर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला स्वतःहून चिकटतो आणि त्याचं बिल रोमिंग पॅकमध्ये बसत नाही, त्यामुळे बंदर सुटलं की फ्लाइट मोड, आणि अलार्म हाताने बदललेला. बघायचं-वाचायचं असेल ते आधीच डाउनलोड करून ठेवा.

सकाळची घोषणा काही बोटींवर छान असते, हळूहळू मोठं होत जाणारं वाद्यसंगीत, काहींवर सरळ एक बाई तीन भाषांमध्ये सांगते की नाश्ता संपत आलाय. मग सफाईवाले दारं ठोठावायला लागतात कारण काही तासांत याच केबिनमध्ये नवे लोक येणार. आणि मग तो जिना. बोट धक्क्याला लागायला अजून अर्धा तास असतो पण सगळे बॅगा घेऊन जिन्यात उभे, दार बंद, हवा नाही, पुढच्याची बॅकपॅक आपल्या नाकाशी. यात काही फायदा नाही हे पुन्हा पुन्हा सांगूनही माझा नवरा त्या जिन्यात उभा असतो. गाडी पुढच्या गाडीशिवाय हलणार नाहीये आणि पुढच्या गाडीवाला अजून कॉफी पितोय. प्रत्येक बोटीवर एक असा असतोच, सगळा डेक रिकामा होतो आणि त्याची गाडी मध्ये उभी. तोवर इंजिन चालू करायचं नाही, वर पाटी असते, तरी कुणीतरी करतं आणि सगळ्यांनी धूर खायचा.

उतरल्यावरही नियम असतात, ते आधी वाचलेले बरे. टास्मानियाला जाताना, म्हणजे डेव्हनपोर्टला, फळं-भाज्या नेता येत नाहीत, क्वारंटाइनवाले गाड्या तपासतात, कुत्राही असतो. (ती बोट आता मेलबर्नच्या धक्क्यावरून सुटत नाही हं, ऑक्टोबर २०२२ पासून जिलाँगहून सुटते, जुने लेख वाचून लोक भलतीकडे जातात.)

तक्रार एकच करते. हवामान खराब म्हणून बोट रद्द होते हे मान्य, समुद्रापुढे कुणाचं चालतं. पण एका कंपनीने, नाव राहू दे, आम्हाला चेकइन करून घेतलं, लेनमध्ये उभं केलं, आणि मग अख्खी संध्याकाळ कुणी येऊन काही सांगेना, बाथरूम लांब, गाडी सोडता येईना कारण लाइन कधी हलेल माहीत नाही. शेजारच्या लेनमधल्या ट्रकवाल्याने काच खाली करून सांगितलं की आज काही जात नाही, त्याला त्याच्या ऑफिसमधून दुपारीच कळलं होतं. मालाचं बुकिंग असलेल्यांना आधी सांगतात, प्रवाशांना नंतर. मी चिडले होते, पण हिशोब बघता हेच अपेक्षित.

कारण हेही बघा की नुसत्या प्रवाशांवर या बोटी टिकत नाहीत. इंग्लंडमधलं न्यूकॅसल ते नॉर्वेचं बर्गन ही फेरी २००८ मध्ये बंद झाली, हार्विच ते डेन्मार्कचं एस्बियर्ग २०१४ मध्ये. स्वस्त विमानं आली, ड्यूटी फ्री गेलं, आणि १ जानेवारी २०१५ पासून उत्तर समुद्रात आणि बाल्टिकमध्ये जहाजाच्या इंधनातलं गंधक ०.१ टक्क्यावर आणायचा नियम आला, म्हणजे महागडं इंधन. ट्रक ज्या रूटवर भरपूर आहेत तिथे आपलीही केबिन शाबूत. म्हणून रॅम्पवर ट्रकला आधी सोडलं तर मी आता कुरकुर करत नाही, फार नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेऊन जाणारे हल्ली बरेच विचारतात, तर सरसकट उत्तर नाहीये. काही मोजक्या बोटींवर चार्जिंग मिळतं, आधी बुक करून. नॉर्वेच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या हाविला कंपनीने २०२३ च्या सुरुवातीला इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या घ्यायच्याच बंद केल्या, आणि ग्रीसमध्ये त्याच वर्षी बोटीवर चढताना बॅटरी ४० टक्क्यांच्या वर नको असं फर्मान निघालं. त्यामुळे बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघाच, आणि पलीकडच्या बंदराजवळचा चार्जर कुठे आहे तो आदल्या दिवशीच शोधून ठेवा, कारण सकाळी साडेसहाला त्या रॅम्पवरून तुमच्यासारखे अजून पन्नास जण ४० टक्क्यांवर उतरणार आहेत.